होम स्विच आणि लिमिट स्विच

सीएनसी यंत्र सुरू होते तेव्हा आपण कोठे उभे आहोत याची खबर त्याच्या स्टेपर मोटारींना मुळीच नसते. म्हणूनच जीआरबीएल हे फर्मवेअर, होमिंगची आज्ञा मिळताच, कटर जॉबवरून फरफटत जाऊ नये यासाठी प्रथम झेड अक्ष वर उचलते आणि मग एक्स व वाय अक्षांना होम स्विचकडे, मूळ सेटिंगप्रमाणे, मिनिटास ५०० मिलिमीटर वेगाने नेऊन, किंचित मागे घेऊन, पुन्हा अवघ्या २५ च्या मंद गतीने स्पर्श करविते. शून्यबिंदूची अचूकता या दुसऱ्या स्पर्शात आहे.

लिमिट स्विच हद्द ओलांडताच हालचाल तोडतो. त्या अकस्मात थांबण्यात पावले चुकण्याचा संभव असतो, सबब होमिंग पुन्हा करावे.

माझा खरा आग्रह जोडणीविषयी आहे. स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ पद्धतीनेच जोडावा, कारण त्यात तार निखळली किंवा उंदराने कुरतडली तरी परिपथ खंडित होऊन यंत्र थांबते; ‘नॉर्मली ओपन’ जोडणीत मात्र तुटलेली तार टक्कर होईपर्यंत मूकच राहते. स्पिंडलमुळे खोटे इशारे येत असल्यास शील्डेड केबल वापरावी. आणि इमर्जन्सी स्टॉप फर्मवेअरच्या भरवशावर न ठेवता मोटारींचा वीजपुरवठा थेट तोडणारा, स्वतंत्रच असावा.