पाकाची भाषा

(घरातील साधी कृती नीट पाहिली, तर तिच्यातही विज्ञान सापडते. गूळ आणि शेंगदाणे यांचा एक पदार्थ कडक होतो, दुसरा मऊ राहतो. असे का होते आणि मऊ वडी घरी कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

लोणावळ्याची चिक्की महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तमिळनाडूतील कोविलपट्टी या गावची 'कडलै मिठाई' अशीच शेंगदाण्यांची असते. २०२० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर भारतात तिळाची गजक आणि रेवडी आवडीने खातात. या सर्व पदार्थांत वस्तू थोड्याच लागतात. गूळ किंवा साखर, आणि शेंगदाणे किंवा तीळ.

चिक्की दाताखाली 'कट्' असा आवाज करून मोडते. तीच तिची गंमत आहे. पण ती खायला मजबूत दात हवेत. घरातील दादी किंवा नानी चिक्कीचा तुकडा हातात घेतात आणि हसून परत ठेवतात. ज्याचे दुधाचे दात हलत आहेत, तो धाकटा भाऊही तिच्याकडे नुसता पाहत बसतो. मात्र याच वस्तूंपासून मऊ वडीही होते. ती मोडत नाही, चावताना थोडी ताणली जाते आणि सावकाश विरघळते. ती सर्वांना खाता येते.

मग चिक्की कडक आणि वडी मऊ का? हा फरक वस्तूंमध्ये नाही. तो पाकात आहे.

येथे दोन शब्दांकडे लक्ष द्या. उर्दूत 'पाक' म्हणजे पवित्र. मराठीत 'पाक' म्हणजे गूळ किंवा साखर पाण्यात शिजवून केलेला गोड, घट्ट रस. आपण घरी त्याला चाशनी किंवा शीरा म्हणतो. पण मराठी शेजारणीकडे 'शिरा' मागितला, तर ती रव्याचा हलवा आणून देईल! शब्द सारखे दिसले तरी अर्थ वेगळे असू शकतात, हे ध्यानात ठेवा.

आता पाक कसा तयार होतो ते पाहू. पातेल्यात गूळ आणि थोडे पाणी घेऊन मंद आचेवर ठेवले, की गूळ विरघळतो आणि रस उकळू लागतो. उकळताना पाण्याची वाफ होऊन निघून जाते. साखर मात्र मागे राहते. म्हणून रस हळूहळू घट्ट होत जातो. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. साखर मिसळलेले पाणी त्याहून अधिक तापमानाला उकळते. पाणी जसजसे कमी होते, तसतसा रसाचा उत्कलनांक वाढत जातो. म्हणजे उकळत्या पाकाचे तापमान समजले, की त्यात किती पाणी उरले आहे तेही समजते.

पाक ११२ ते ११६ अंशांपर्यंत पोहोचला, की त्यात शंभर भागांत सुमारे १५ भाग पाणी उरलेले असते. असा पाक थंड झाल्यावर मऊ राहतो. तोच पाक १५० अंशांच्या आसपास नेला, तर त्यात जेमतेम एक-दोन भाग पाणी उरते. असा पाक थंड झाल्यावर कडक होतो. पहिल्या पाकाची वडी होते आणि दुसऱ्याची चिक्की. गूळ तोच, शेंगदाणे तेच. फरक फक्त उरलेल्या पाण्याचा.

चिक्कीचा पाक थंड झाल्यावर एक प्रकारची काचच बनतो. त्यातील पाणी जवळजवळ संपलेले असते. तो लवकर थंड होतो आणि साखरेच्या कणांना ओळीने मांडून स्फटिक बनवायला वेळ मिळत नाही. कण जिथे असतात तिथेच थिजतात. खिडकीच्या काचेतही कणांची अशीच अव्यवस्थित मांडणी असते. म्हणून चिक्की चमकते आणि काचेसारखी तुटते. मऊ वडीत पाण्याचे कण साखरेच्या कणांमध्ये राहून त्यांना सरकायला जागा देतात. म्हणून ती वाकते, पण तुटत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात पाकाचे तापमान मोजण्याचे यंत्र सहसा नसते. तरीही अम्मी आणि नानी पाक बरोबर ओळखतात. कसा? वाटीत थंड पाणी घेऊन त्यात पाकाचा एक थेंब सोडतात आणि थेंब काय सांगतो ते पाहतात. थेंब पाण्यात पसरून विरघळला, तर पाक कच्चा आहे. थेंब बोटांनी गोळा करता आला आणि त्याची मऊ गोळी झाली, दाबल्यावर ती चपटी झाली, तर तो गोळीबंद पाक होय. वडीसाठी येथेच थांबावे. थेंब कडक झाला, ताटलीत टाकल्यावर 'टण्' असा वाजला आणि मोडताना 'कट्' झाला, तर तो चिक्कीचा पाक.

कोणी विचारील, "पाक किती मिनिटे शिजवायचा, ते सांगा ना!" पण ते नेमके सांगता येत नाही. पातेले रुंद असेल, तर वाफ लवकर निघून जाते. आच मोठी असेल, तर पाक लवकर होतो. गुळात ओल जास्त असेल, तर वेळ लागतो. घड्याळाला हे काहीच ठाऊक नसते. थेंबाला सगळे ठाऊक असते. म्हणून घड्याळाकडे नव्हे, थेंबाकडे पाहावे.

गुळाचेही प्रकार असतात. वाण्याच्या दुकानात 'साधा गूळ' आणि 'चिक्कीचा गूळ' असे दोन प्रकार वेगळे मिळतात. चिक्कीच्या गुळाचा पाक अधिक चिकट आणि कडक होतो. मऊ वडीसाठी साधा गूळ घ्यावा. गुळात मुख्य साखर 'सुक्रोज' ही असते. तिच्या जोडीला थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. या दोन साखरा सुक्रोजचे स्फटिक होऊ देत नाहीत आणि हवेतील ओल धरून ठेवतात. त्यामुळे वडी रवाळ होत नाही आणि मऊ राहते. रमजानमध्ये आपल्या घरी खजूर असतोच. खजुराच्या गोडीतही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असते. म्हणून वडीत खजूर घातला, की मऊपणा टिकतो.

आता कृती पाहू.

साहित्य : शेंगदाणे १ वाटी, पातळ पोहे १ वाटी, तीळ अर्धी वाटी, किसलेले सुके खोबरे पाव वाटी, खजूर ८ ते १०, चिरलेला साधा गूळ १ वाटी, पाणी ३ चमचे, तूप २ चमचे, थोडी वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ.

शेंगदाणे आधी निवडून घ्यावेत. बुरशी आलेला, काळपट, सुरकुतलेला किंवा कडू दाणा फेकून द्यावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते फार महत्त्वाचे आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेतल्यावर कळले, की त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत एका बुरशीचे विष होते. त्या विषाला पुढे 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. ते माणसाच्या यकृतालाही घातक आहे आणि दाणे भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून निवडण्यात आळस करू नये.

निवडलेले दाणे मंद आचेवर भाजावेत. साले सुटू लागली, की उतरवून थंड करावेत, साले काढावीत आणि दाणे जाडसर कुटावेत. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. पोहे कुरकुरीत होईपर्यंत आणि खोबरे किंचित तांबूस होईपर्यंत परतावे. खजुराच्या बिया काढून बारीक तुकडे करावेत. एका ताटाला तूप लावून ठेवावे. पाक झाल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. म्हणून सगळी तयारी आधी करावी.

पातेल्यात गूळ आणि पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. गुळात कचरा असेल, तर गूळ विरघळल्यावर रस गाळून घ्यावा. रसावर फेस येऊ लागला, की दर अर्ध्या मिनिटाने थेंबाची परीक्षा करावी. मऊ गोळी होताच आच बंद करावी. लगेच तूप, मीठ, वेलची आणि खजूर घालावे. मग भाजलेले सर्व जिन्नस घालून भराभर ढवळावे. मिश्रण ताटात ओतून तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने घट्ट दाबावे. दाबण्यात कसूर झाली, तर वड्या भुरभुरतात. मिश्रण कोमट असतानाच सुरीने वड्या पाडाव्यात आणि पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. या वड्या आठ-दहा दिवस चांगल्या राहतात.

एक सूचना विसरू नका. पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि तो कातडीला चिकटून राहतो. म्हणून घरातील मोठे माणूस जवळ असल्याशिवाय पाक करू नये. भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या, थंड पाण्याखाली धरावा. त्यावर तूप, हळद किंवा दात घासायची पेस्ट लावू नये. बर्फही चोळू नये. भाजणे मोठे असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

वडी बिघडली, तर तीही काहीतरी सांगत असते. वडी हाताला चिकटत असेल, तर पाक कच्चा राहिला. दगडासारखी झाली असेल, तर पाक पुढे गेला. त्यात पाणी फार कमी उरले. भुरभुरत असेल, तर पाकाच्या मानाने जिन्नस जास्त झाले किंवा मिश्रण नीट दाबले गेले नाही. पावसाळ्यात डबा उघडा राहिला, तर हवेतील ओल शोषून चांगली वडीही चिकट होते. कारण समजले, की पुढच्या वेळी काय बदलायचे ते आपोआप समजते.

अमेरिकेत ओट नावाच्या धान्याचे चपटे दाणे, मध आणि सुकामेवा यांच्या अशाच वड्या करतात. त्यांना 'ग्रॅनोला बार' म्हणतात. त्यातही मऊपणाचे रहस्य हेच असते. तेथे गुळाच्या जागी मध असतो आणि पोह्यांच्या जागी ओट असतात, एवढेच. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध कधीही देऊ नये.

या वडीत अन्न म्हणूनही बरेच काही आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. तिळात कॅल्शियम असते. सकाळच्या शाळेला उशीर होतो म्हणून उपाशी निघणाऱ्या मुलाला एक वडी आणि पेलाभर दूध यांचा मोठा आधार होतो. पण गूळ हीदेखील साखरच आहे. म्हणून एका वेळी एक-दोन वड्या पुरेत आणि खाऊन झाल्यावर चूळ भरावी. मधुमेह असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वडी खाऊ नये. शेंगदाणे ज्याला सोसत नाहीत, त्याला ही वडी देऊ नये. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याची भीती असते.

ज्यांनी कधी प्रयोगशाळा पाहिली नाही, अशा कितीतरी स्त्रियांनी थेंबाची ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलींना शिकवली. अनेक बचत गटांतील स्त्रिया आज याच ज्ञानावर चिक्की आणि वड्या करून विकतात आणि घराला हातभार लावतात. हे ज्ञान पुस्तकात लिहिलेले नव्हते, म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही. घरात कोणी पाक करत असेल, तर वाटीभर पाणी घेऊन शेजारी उभे राहा. मुलीही उभ्या राहा आणि मुलगेही. थेंब पाण्यात पडला, की तो काय बोलतो ते ऐका. आणि पहिली वडी, जिला चिक्की चावत नाही, त्या दादीला द्या.

शब्दार्थ
पाक – चाशनी. गूळ – गुड. शेंगदाणे – मूंगफली. आच – आंच, चुलीचा ताप. उत्कलनांक – द्रव ज्या तापमानाला उकळतो ते तापमान. रवाळ – दाणेदार. यकृत – जिगर, कलेजा. कसूर – उणीव, कमतरता. हातभार लावणे – मदत करणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मऊ वडीसाठी कोणता गूळ घ्यावा?
(आ) बुरशी आलेले दाणे का फेकून द्यावेत?
२. कारणे द्या.
(अ) चिक्की काचेसारखी तुटते.
(आ) पाक किती मिनिटे शिजवावा, हे नेमके सांगता येत नाही.
३. 'पाक' आणि 'शिरा' या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा. असे आणखी दोन शब्द शोधा.
४. तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि आठ-दहा वाक्यांत मराठीत लिहा.