छताचा होल्डर बदलताना नुसत्या बटणावर विसंबू नका!

मागच्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातला छताचा होल्डर काळा पडला. दिवा मधूनच विझे, चुरचुर आवाज येई. मुलीचे दहावीचे वर्ष, ती त्याच दिव्याखाली अभ्यासाला बसते. रविवारी दुपारी नवा होल्डर आणला, बटण बंद केले, बल्ब काढला आणि स्टुलावर चढलो.

खालून सौ. म्हणाली, "अहो, मेन बंद केलंत का?"

"बटण बंद केलंय की!"

"तरी एकदा टेस्टर लावून बघा."

निव्वळ तिच्या समाधानासाठी टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला! तसाच हात घातला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

हे कसे घडते?

घरात दोन मुख्य तारा येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. बटण फेजच्या तारेवर असायला हवे. ते चुकून न्यूट्रलवर जोडले तरी दिवा नीट लागतो आणि विझतो. म्हणून ही चूक वर्षानुवर्षे कळत नाही. पण बटण बंद असतानाही 230 व्होल्टची वीज होल्डरपर्यंत येऊन थांबलेली असते.

"फ्यूज उडेल की," असे काही जण म्हणतात. पण 5 अँपिअरचा फ्यूज उडायला 5 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लागतो, आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. फ्यूज तारांना वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो. ऐपत होईल तेव्हा तो जरूर बसवून घ्यावा.

काम कसे करावे?

काम दिवसाउजेडी काढावे. आधी टेस्टर चालू प्लगमध्ये घालून तो पेटतो याची खात्री करावी. मग मेन स्विच बंद करावा. मीटर चाळीच्या जिन्याखाली असेल, तर आपल्या खोलीचा मेन बंद करून फ्यूज काढावा आणि तो खिशात ठेवावा, म्हणजे कुणी नकळत वीज चालू करणार नाही. घरातले एक माणूस तिथे उभे करावे. त्यानंतर पुन्हा होल्डरला टेस्टर लावावा. तो पेटला नाही, तरच हात लावावा.

पायात कोरडी चप्पल, खाली लाकडी स्टूल किंवा शिडी असावी. ओल्या फरशीवर उभे राहू नये. जुना होल्डर सोडवण्यापूर्वी कोणती तार कुठे आहे, याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची असा रिवाज आहे, पण जुन्या घरात रंगावर भरवसा ठेवू नये.

तारेचे टोक जळले असेल तर तेवढे कापावे आणि साधारण एक सेंटिमीटर आवरण सोलावे. तांब्याचे सगळे केस पिळून स्क्रूखाली घट्ट आवळावेत. उघडे तांबे बाहेर दिसता कामा नये. तार हळूच ओढून पाहावी. सैल जोड तापतो, ठिणग्या पडतात. आमचा होल्डर त्यानेच काळा पडला होता. होल्डरचा भार तारेवर न टाकता तो लाकडी गोल ठोकळ्यावर स्क्रूने पक्का बसवावा. पत्र्याच्या अंगाचा दिवा आणला असेल तर त्याला हिरवी तार जोडलीच पाहिजे. घरात अर्थिंग नसेल तर प्लॅस्टिकच्या अंगाचाच दिवा घ्यावा.

कुठे थांबावे?

होल्डरमध्ये दोनाऐवजी तीन-चार तारा निघाल्या, आवरण हाताने भुगा होऊ लागले, छतातून पाणी झिरपत असले, किंवा आमच्यासारखे बटण न्यूट्रलवर निघाले, तर मेन बंदच ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची क्षमता व स्वरूप न बदलता केलेली अदलाबदल सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, असा 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासूनचा दंडक आहे. आम्हीही वायरमनला बोलावून बटण फेजवर घेतले.

कुणाला शॉक बसून चिकटले तर धावत जाऊन धरू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर सारावे.

थोडा जमाखर्च

होल्डर बदलताना 60 वॉटचा पिवळा बल्ब असेल तर तोही बदलावा. रोज 5 तास धरले तर तो महिन्याला 9 युनिट खातो. जवळपास तेवढाच उजेड देणारा 9 वॉटचा एलईडी सव्वा ते दीड युनिटात भागवतो. वर्षाला सुमारे 90 युनिट वाचतात.

आता आमच्याकडे टेस्टर देवळीत सर्वांच्या हाताला येईल असा ठेवलेला असतो. मुलीलाही तो वापरायला शिकवले. आपल्याही घरातल्या मुलामुलींना, माताभगिनींना हे शिकवा. "बटण बंद आहे, काही होत नाही," असे कुणीही म्हटले, मग ते घरातले वडीलधारे का असेनात, तरी आधी मेन बंद करायला लावा आणि स्वतः टेस्टर लावून पाहा!