‘अमेरिकेला कुठला आलाय इतिहास!’

न्यू जर्सीला लेकीकडे सहा महिने राहून आलेली मंडळी परतल्यावर एक वाक्य हमखास ऐकवतात. ‘देश छान आहे हो. रस्ते काय, धबधबे काय! पण इतिहास कुठला? जेमतेम अडीचशे वर्षांचा देश. आपला शनिवारवाडासुद्धा त्याहून जुना.’ ऐकणारे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय मिटतो.

वाक्यातली वजाबाकी बरोबर आहे. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली आणि अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा. गडबड आहे ती मापात. इकडे वाड्याचं वय धरायचं आणि तिकडे राज्यव्यवस्थेचं, ही सोयीची मोजणी झाली. हाच न्याय आपल्याला लावला तर भारत १९४७ चा आणि महाराष्ट्र १९६० चा ठरतो. जर्मनी १८७१ च्या पलीकडे जात नाही. इमारतींची, शहरांची तुलना करायची असेल तर तीही करून पाहावी. हार्वर्डची स्थापना १६३६ ची, म्हणजे शनिवारवाड्याच्या पायाभरणीच्या ९४ वर्षं आधीची. बोस्टन वसलं १६३० मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वर्षी. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन हे गाव स्पॅनिशांनी वसवलं १५६५ मध्ये. तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला तेही हेच साल.

आणि हा झाला फक्त गोऱ्यांचा हिशोब.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, सेंट लुईस शहराच्या समोरच्या बाजूला काहोकिया नावाचं ठिकाण आहे. इसवी सन १०५० च्या सुमारास तिथे एकाएकी मोठं शहर उभं राहिलं. आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, म्हणजे काळ तोच. पुढच्या शे-दीडशे वर्षांत काहोकियाची वस्ती दहा ते वीस हजारांवर गेली असावी, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. मधोमध मोठं चौक-मैदान, त्याच्या डोक्याशी सुमारे ३० मीटर उंचीचं, १४ एकरांत पसरलेलं मातीचं पायऱ्यापायऱ्यांचं टेकाड आणि आजूबाजूला अशीच लहानमोठी शंभरावर टेकाडं. मोठ्या टेकाडात सहा लाख घनमीटरच्या आसपास माती आहे. चाकाची गाडी नव्हती, बैल-घोडे नव्हते. सगळी माती माणसांनी टोपल्यांतून वाहिली. उत्खननात टेकाडाचा छेद घेतला की ते डोळ्यांना दिसतं. काळी माती, शेजारी पिवळी, मग करडी, असे टोपलीएवढे ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले. एकेक ठिपका म्हणजे कुणीतरी वाहून आणून ओतलेली एकेक खेप.

एवढं मोठं शहर, मग ते कुणाला ठाऊक कसं नाही? याचं कारण जरा कडू आहे. सेंट लुईसमध्येच अशी टेकाडं इतकी होती, की त्या शहराचं टोपणनावच त्यांच्यावरून पडलं होतं. वाढत्या शहराला जागा हवी होती, रेल्वेला भरावाला माती हवी होती. तिथलं सर्वांत मोठं टेकाड १८६९ मध्ये खणून सपाट करण्यात आलं. थॉमस ईस्टर्ली या छायाचित्रकाराने त्याचा शेवट टिपून ठेवला आहे. निम्मं-अर्धं कापलेलं टेकाड आणि उरलेल्या सुळक्यावर उभी माणसं, असं ते चित्र आहे.

जी उरली, ती तिथल्या मूळ रहिवाशांनी बांधलीच नाहीत असं ठरवण्यात आलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एक सिद्धान्त फार लोकप्रिय होता. ही टेकाडं कुण्या लुप्त, सुसंस्कृत वंशाने उभारली आणि सध्याच्या मूळ रहिवाशांनी त्या वंशाचा नायनाट केला, असा. तो वंश कोणता, याबद्दल ज्याचं त्याचं उत्तर निराळं. कुणी इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या म्हणे, कुणी वेल्समधले खलाशी. ओहायोतल्या कॅलेब अ‍ॅटवॉटर यांनी तर १८२० मध्ये मान थेट हिंदूंना दिला. (आज हे पान कुणाच्या हाती लागलं तर दुपारपर्यंत शंभर ग्रुपांवर फिरेल. कृपया फिरवू नये.)

ही नुसती भाबडी कल्पना नव्हती. १८३० च्या मे महिन्यात मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात या प्राचीन वास्तूंचाच दाखला दिला. एक बलाढ्य वंश नाहीसा होऊन सध्याच्या रानटी टोळ्यांना जागा मिळाली, मग आता या टोळ्यांनी इतरांना जागा करून दिली तर शोक कशाला, असा एकूण सूर. ज्यांना ‘रानटी’ म्हटलं त्यांच्यात चेरोकी होते. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या माणसाने १८२१ पर्यंत आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली होती. त्या लिपीतलं ‘चेरोकी फिनिक्स’ हे चेरोकी-इंग्रजी वृत्तपत्र फेब्रुवारी १८२८ मध्ये निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं मराठी-इंग्रजी ‘दर्पण’ जानेवारी १८३२ चं, म्हणजे चार वर्षांनी धाकटं! ‘चेरोकी फिनिक्स’ निघाल्यापासून दहा वर्षांत याच चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात शेकडो मैल चालवत नेण्यात आलं आणि वाटेत हजारो मेले.

लुप्त वंशाची कथा शास्त्रीयदृष्ट्या निकालात निघाली ती १८९४ मध्ये. सायरस थॉमस यांनी शेकडो टेकाडांच्या पाहणीचा जाडजूड अहवाल सरकारी मानववंशशास्त्र विभागातर्फे प्रसिद्ध केला आणि बांधणारे तिथल्याच मूळ रहिवाशांचे पूर्वज होते हे दाखवलं. तेव्हा ‘तिथे इतिहासच नाही’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. जमीन मोकळी करून घेणाऱ्यांनी ते वापरलं आणि आपण ते कट्ट्यावर फुकट वापरतो.

काहोकियाही तिथलं काही फार जुनं नव्हे. लुइझियानातल्या पॉव्हर्टी पॉइंटची अर्धवर्तुळाकार मातीची बांधकामं तीन हजार वर्षांहून जुनी, म्हणजे पुण्याजवळच्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या काळातली आहेत. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला माणसांच्या पावलांचे ठसे सापडले, त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं निघालं. २०२१ मध्ये ‘सायन्स’ने हे छापलं तेव्हा अनेकांनी शंका घेतली. वय काढण्याची पद्धत पाणवनस्पतींच्या बियांवर आधारलेली होती आणि त्यात चूक शिरू शकते, हा आक्षेप रास्त होता. म्हणून २०२३ मध्ये परागकण आणि वाळूचे कण वापरून पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

बरं, एखादा प्रदेश खरोखरच नवा असला तर? न्यूझीलंड घ्या. माणसाचं पाऊल सर्वांत उशिरा जिथे पडलं अशा मोठ्या भूभागांपैकी हा एक. तिथे माणूस केव्हा पोचला याचा पुरावा उंदरांनी दिला. हे छोटे उंदीर पॉलिनेशियन होड्यांतूनच येऊ शकत होते. एवढा समुद्र पोहून जाणं त्यांना शक्य नव्हतं. तिथल्या दलदलीत कुरतडलेल्या बिया सापडतात आणि त्यांवर दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात. जॅनेट विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या बियांची कार्बन कालमापनं प्रसिद्ध केली. कुरतडलेली एकही बी सुमारे १२८० च्या आधीची निघाली नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये, त्याच्या आसपासच तिथे पहिल्या चुली पेटत होत्या. आणि पुढच्या दीडशे वर्षांत मोआ नावाचे, मान उंचावली तर साडेतीन मीटरपर्यंत पोचणारे पक्षी माणसांनी खाऊन संपवले.

माणूस नव्या भूमीवर उतरतो तेव्हा काय होतं, हे इतकं लख्ख जुन्या प्रदेशांत दिसत नाही. आपल्याकडे थरांवर थर साचले, त्यात सुरुवात गाडली गेली. हडप्पाची लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे तिथल्या एकाही राजाचं, असलाच तर, नाव आपल्याला माहीत नाही. जुनेपणाचा हा तोटा अभिमानाच्या भाषणांत कधी येत नाही. न्यूझीलंडसारख्याच उशिरा वसलेल्या आइसलंडमध्ये मात्र वस्तीच्या आरंभीचा ज्वालामुखीच्या राखेचा थर ८७० च्या दशकातला, इतकं नेमकं सांगता येतं.

याच जातीचे आणखी काही गैरसमज आहेत.

‘ऑस्ट्रेलियाचा इतिहास १७८८ पासून.’ बज बिम या ठिकाणी तिथल्या मूळ रहिवाशांनी वाम पकडण्यासाठी दगडी कालवे आणि सापळे बांधले, त्यांतले काही साडेसहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

‘मुंबई इंग्रजांनी वसवली.’ कान्हेरीची लेणी पाहून यावीत, बोरिवलीहून फार लांब नाहीत.

‘अमेरिकेत सगळंच नवं.’ सलग अमलात असलेली सर्वांत जुनी लिखित राष्ट्रीय राज्यघटना त्यांचीच आहे, १७८९ पासूनची.

‘रेड इंडियन संपले बिचारे.’ न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅकोमा गावात बाराव्या शतकापासून आजतागायत लोक राहतात. २०२० च्या जनगणनेत सुमारे ९७ लाख अमेरिकनांनी आपण पूर्णतः किंवा अंशतः मूळ रहिवाशांच्या वंशाचे असल्याची नोंद केली.