पडल्या झाडाच्या फळ्या

तंजावर शहर सोडून दक्षिणेस समुद्राच्या रोखाने निघाले, की कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भाताची खाचरे हळूहळू मागे पडतात आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागांतील नारळीच्या बागा सुरू होतात. याच किनाऱ्यावर मल्लिपट्टणमजवळ दुसऱ्या सरफोजी महाराजांनी बांधविलेला आठ मजली ‘मनोरा’ उभा आहे. भोसले घराण्याची ही खूण महाराष्ट्रीय प्रवाशास आपलीशी वाटते. परंतु येथील शेतकऱ्यास अभिमान असे तो आपल्या माडांचा.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे नागपट्टणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान ‘गज’ नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. नागपट्टणम, तिरुवारूर, तंजावर आणि पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत त्याने थैमान घातले. लक्षावधी माड एका रात्रीत आडवे झाले. भाताचे पीक बुडाले तर पुढच्या हंगामाची आशा असते. उंच जातीच्या माडाचे रोप मात्र फळास येण्यास पाच ते सात वर्षे घेते. तितकी वर्षे कुटुंबाने कशावर काढावयाची?

राज्य सरकारने पडलेल्या प्रत्येक माडामागे ६०० रुपये भरपाई आणि तो तोडून हलविण्यासाठी आणखी ५०० रुपये जाहीर केले. पडलेले झाड दूर करणे हेच केवढे खर्चाचे काम आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. शिवाय ते तसेच पडू देणेही धोक्याचे असते. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याची पुढची पिढी उभ्या राहिलेल्या माडांच्या कोवळ्या सुरळीवर तुटून पडते. म्हणजे वादळातून वाचलेली झाडे पडलेल्या झाडांपायी जावयाची!

गिरणीच झाडाकडे

अशा वेळी ओंडका गिरणीकडे नेण्याऐवजी गिरणीच ओंडक्याकडे नेणे, हा एक चांगला उपाय होय. सहज हलविता येणारी लाकूड चिरण्याची यंत्रे आता अनेक देशांत वापरात आहेत. काहींत रुळांवर सरकणारी पट्ट्याची करवत असते. काहींत एकच गोल पाते प्रथम उभे व नंतर आडवे फिरून फळी मोकळी करते. दोहोंतही ओंडका जागीच राहतो व करवत त्यावरून पुढे सरकते. पूर्वी आपल्याकडे खड्ड्यावर ओंडका ठेवून एक करवत्या वर व एक खाली असे दोघे मिळून लाकूड चिरीत. तत्त्व तेच, केवळ मनगटाची जागा इंजिनाने घेतली आहे.

फिलिपाइन्समध्ये नोव्हेंबर २०१३ मधील ‘हैयान’ वादळाने कोट्यवधी माडांची हानी झाली. तेथे पडलेली खोडे यांत्रिक करवतींनी चिरून त्यांच्या फळ्या व वासे घरे पुन्हा उभारण्याच्या कामी लावण्यात आले.

माडाची उलटी रीत

सागाच्या खोडात आतला गाभा पक्का आणि सालीजवळचा भाग कच्चा असतो. माडाचे नेमके उलट आहे. त्याचा सालीलगतचा भाग कठीण व जड असतो, तर गाभा मऊ, हलका आणि पाण्याने भरलेला. बुंध्याकडून शेंड्याकडे जातानाही लाकूड कच्चे होत जाते. म्हणून जुन्या माडाचा खालचा भाग निवडावा, ओंडका फिरवीत चारही बाजूंनी बाहेरच्या फळ्या काढाव्यात आणि मधला मऊ चौकोन वेगळा ठेवावा. बाहेरच्या फळ्या वासे, जमीन व सामानसुमानासाठी चालतात. गाभ्यावर भार टाकू नये. हे लाकूड करवतीचे दात फार लवकर बोथट करते, म्हणून कठीण मिश्रधातूची टोके बसविलेले दात वापरावे लागतात.

ओल्या फळ्यांत साखर व पिष्ट भरपूर असल्याने बुरशी त्वरित धरते. चिरल्याबरोबर त्या टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवाव्यात आणि प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत, वारा खेळेल अशा रचाव्यात. जमिनीत पुरावयाच्या खांबांसाठी हे लाकूड नुसते वापरू नये. ते लवकर कुजते.

फणसाचे मोल

परसातला मोठा फणस पडला असेल, तर सरपणासाठी त्याचे तुकडे करण्याची घाई करू नये. तंजावरची सुप्रसिद्ध वीणा फणसाच्याच लाकडाची असते. २०१३ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. वीणेचा भोपळा कोरण्यासाठी जाड ठोकळाच लागतो. तेव्हा फळ्या पाडण्यापूर्वी जाणत्या सुताराला खोड दाखवावे. रुंद फळ्या काढावयाच्या असल्यास त्या दोन इंच तरी जाड ठेवाव्यात, टोकांना रंग फासावा, म्हणजे भेगा कमी पडतील, आणि सावकाश वाळू द्याव्यात.

मुळांसकट उपटलेले झाड मात्र नवख्याने तोडू नये. खोडावर ताण असतो. करवत लागताच बुंधा उसळून माणूस चिरडण्याचा संभव असतो. तसेच असे यंत्र आणण्यापूर्वी परवान्याविषयी वनखात्याकडे चौकशी करावी.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धनच्या वाड्यांतही माड-पोफळी अशाच लोळविल्या. तेव्हा हा प्रश्न कावेरीकाठचा तितकाच कोकणचाही आहे. एकट्या शेतकऱ्यास असे यंत्र घेणे परवडणार नाही. परंतु गावच्या सहकारी सोसायटीने ते घेऊन बागांतून आळीपाळीने फिरविले, तर पडलेल्या झाडाचे ओझे उतरेल, उभ्या झाडांवरील भुंग्याचे संकट टळेल आणि नवी रोपे फळास येईपर्यंत घरात चार पैसे येतील.