उंदराचा कान आणि आपली लेकरे

रात्री गाळे बंद झाले की महात्मा फुले मंडईत उंदरांचे राज्य सुरू होते. पायाची चाहूल लागताच ते कसे पसार होतात, हे तिथल्या आमच्या हमाल बांधवांना सांगायला नको. पण काही उंदीर जन्मतःच बहिरे असतात. भांडे आपटा, त्यांना पत्ताच नाही. त्यांतले काही सारखी मान झटकतात, जागच्या जागी गिरक्या घेतात.

याचे कारण आतल्या कानात आहे. तिथे शंखासारखी नळी असते, तिच्यात केसपेशी असतात. माणसाच्या एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. आवाजाने त्यांचे बारीक केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. या उंदरांत ते केस विस्कटलेले वाढतात. शरीराचा तोलही आतला कानच सांभाळतो, म्हणून गिरक्या!

ब्रिटनमधील कॅरेन स्टील व सहकाऱ्यांनी १९९५ साली यामागचा सदोष जनुक शोधला. त्याच वर्षी तोच बिघाड माणसांतही सापडला. अशी मुले बहिरी जन्मतात, उशिरा चालू लागतात आणि पुढे त्यांना रात्रीचे दिसेनासे होते. म्हणून बहिरे मूल उशिरा चालले तर त्याचे डोळेही तपासून घ्यावेत.

मंडईत भाजी विकणाऱ्या आमच्या एका मावशींची दोन नातवंडे बहिरी. सून त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. नवस झाले, अंगारे झाले, पांढऱ्या पायाची म्हणून सुनेला बोल लावून झाले. आम्ही त्यांना उंदरांची हकीकत सांगितली. मावशी, अशा बहिरेपणात बहुधा सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघांनाही नीट ऐकू येते, पण दर खेपेला चारात एक मूल बहिरे होण्याची शक्यता असते. नात्यात लग्न केले की दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची हौस आपल्याकडे अजून सुटत नाही, हे आम्हांला खटकते.

मावशी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या लेकाचाबी वाटा हाय."

आहेच. बाळाची तपासणी पहिल्याच महिन्यात व्हावी. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात, दुखत नाही. दोष ठरल्यास सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. श्रवणयंत्र पुरले नाही तर कानात यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया होते. लहान मुलांना त्यासाठी केंद्राच्या ॲडिप योजनेतून मदत मिळते.

मावशींची धाकटी नात तीन आठवड्यांची आहे. मंगळवारी गाळा बंद ठेवून त्या सुनेबरोबर जाणार आहेत. लेकालाही सुट्टी घ्यायला लावली आहे.