एका ट्रकचें चाक दुसऱ्या ट्रकास बसेल काय?

तारोडी, डोंगरी, उत्तन हीं गांवें साष्टीच्या वायव्य टोंकास, समुद्र व वसईची खाडी यांच्या मध्यें वसलेलीं आहेत. येथील माल भाईंदरकडे न्यावयाचा म्हणजे आतां लहान ट्रकांवांचून चालत नाहीं. अशा वेळीं एखाद्या ट्रकचें चाक फाटलें किंवा वांकलें, तर शेजाऱ्याच्या ट्रकाचें उसनें चाक लावावें, अथवा कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांतून स्वस्तांत एखादें आणावें, हा विचार सहज मनांत येतो. तो विचार वाईट नाहीं. परंतु "याला पांच भोकें, त्यालाही पांच भोकें, मग हरकत काय?" एवढ्यावर जो निर्णय होतो तो घातक ठरूं शकतो. चाक निसटलें तर नुकसान टोपल्यांचेंच होत नाहीं. मागें मालावर माणसें बसलेलीं असतात आणि समोरून शाळेचीं मुलें येत असतात.

बैलगाडीचें उदाहरण घेतां हें लवकर ध्यानांत येईल. एका गांवच्या सुतारानें केलेलें चाक दुसऱ्या गांवच्या गाडीस सहसा बसत नसे. आरे तितकेच, उंचीही तितकीच. पण तुंब्याचें भोंक आंसापेक्षां सैल असलें कीं चाक लटलट करी व घट्ट असलें तर तें फिरतच नसे. ट्रकांत तुंब्याचें काम हब करतो, आणि तेथें पाहण्याच्या गोष्टी एकीऐवजीं पांच-सहा आहेत.

पहिली गोष्ट बोल्टांचें वर्तुळ. सर्व बोल्टांच्या मध्यांतून जाणारें वर्तुळ कल्पावें. त्याचा व्यास दोन्ही गाड्यांचा एकच असला पाहिजे. चार किंवा सहा भोकें असलीं तर मोजणें सोपें असतें. एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी धरली कीं व्यास मिळाला. पांच भोकांना समोरासमोर जोडी नसते. म्हणून शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घेऊन तें १.७०१ नें गुणावें. जुन्या विलीज जीपचीं पांच भोकें साडेपांच इंची, म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असत. तेथें शेजारील भोकांचें अंतर सुमारें ८२ मिलिमीटर भरतें. (त्याच जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, हें ठाऊक नसल्यानें पाना उलट ओढून बोल्ट मोडणारे लोक पुष्कळ झाले.) मोजण्यांत एक मिलिमीटर चुकला तर व्यासांत पावणेदोन चुकतात. सबब पट्टीवर विसंबूं नये. जाड पुठ्ठा हबवर दाबून बोल्टांचे ठसे घ्यावे आणि तोच पुठ्ठा दुसऱ्या चाकावर ठेवून पाहावा. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक असतांही नट ओढून चाक बसवितां येतें, व खरा धोका तेथेंच आहे. बोल्ट किंचित् वांकून राहतो, प्रत्येक फेऱ्याबरोबर तो ताण सोसतो आणि एके दिवशीं तडकतो.

भोकें तंतोतंत जुळलीं तरी मधलें मोठें छिद्र पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. इसुझूचा डी-मॅक्स व टोयोटाचा हायलक्स या दोन्ही पिकअप गाड्यांचीं भोकें सहा, आणि वर्तुळही १३९.७ मिलिमीटरचेंच. परंतु मधलें छिद्र एकाचें सुमारें १०० व दुसऱ्याचें सुमारें १०६ मिलिमीटर आहे. इसुझूचें चाक हायलक्सवर चढणार नाहीं. उलट हायलक्सचें चाक इसुझूवर चढेल, पण सभोंवतीं तीन मिलिमीटरची फट राहील व चाक केवळ नटांच्या आधारानें मध्यावर उभें राहील. चाक हबवर टेकावें अशी जेथें मूळ रचना असते, तेथें ही फट चालत नाहीं. मोठ्या मालट्रकांतही हेंच. आपल्याकडील पुष्कळ ट्रकांस १० भोकें ३३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर व मधलें छिद्र २८१ मिलिमीटरचें असतें. अमेरिकी पद्धतीच्या चाकालाही १० भोकें असतात, पण त्याचें वर्तुळ २८५.७५ मिलिमीटरचें असतें. भोकांच्या संख्येवरून कांहींच सिद्ध होत नाहीं तें असें.

नटाची बैठक हा भाग बहुतेकांकडून राहून जातो. कांहीं चाकांस भोकाची कड उतरती, शंकूसारखी असते. कांहींस गोल वाटीसारखी, तर कांहींस सपाट, व तेथें वायसरसह नट लागतो. शंकूचा नट वाटींत बसविला तर तो एका अरुंद कडेवरच टेकतो. पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि थोड्याच अंतरावर नट सैल होतो.

आतां सर्वांत अवघड मुद्दा: चाक आंत किती व बाहेर किती राहतें. चाक दर्शनी बाजू खालीं करून जमिनीवर ठेवावें. रिमच्या कडांवर एक सरळ फळी आडवी टाकावी आणि फळीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतची खोली मोजावी. रिमची एकूण रुंदी १७८ मिलिमीटर असेल तर तिचा अर्धा ८९. खोली ११० भरली तर टेकण्याचें पृष्ठ मध्यापासून २१ मिलिमीटर बाहेरच्या अंगास आहे असें समजावें. हाच आंकडा दोन्ही चाकांचा जुळला पाहिजे. नव्या चाकाचा आंकडा कमी असेल तर चाक तितकें बाहेर सरतें. बेअरिंगवर तरफेप्रमाणें भार पडतो, सुकाणू जड होतें आणि खड्ड्यांत टायर पंख्याला घासतो. तो जास्त असेल तर चाक आंत सरून ब्रेकला, कमानीला अथवा सुकाणूच्या दांड्याला लागतें. मागें जोडटायर असतील तर आणखी जपावें. तेथें याच आंकड्यावर दोन टायरांमधील फट अवलंबून असते. ती नाहींशी झाली तर भरल्या गाडींत टायर एकमेकांस घासून तापतात.

भाराविषयीं तडजोड नाहीं. मागच्या दोन चाकांवर मिळून २,००० किलो भार येत असेल तर प्रत्येक टायर १,००० किलोचा, म्हणजे भारांक १०८ चा तरी हवा. मोटारीच्या टायरवर बहुधा ९१ सारखा अंक असतो व तो ६१५ किलोच सोसतो. रिमचीही स्वतःची मर्यादा असते. मोटारीची शोभिवंत रिम ट्रकास बसली तरी ती लावूं नये. उंचीचा हिशेब यामानानें सौम्य आहे. २१५/७५ आर १५ च्या जागीं २३५/७५ आर १५ टायर घातला तर व्यास ३० मिलिमीटरांनीं वाढतो, आणि मीटर ६० दाखवी तेव्हां गाडी सुमारें ६२॥ च्या वेगानें धांवते. मात्र एकाच आंसावर, व चारही चाकें ओढणाऱ्या गाडीस चारही ठिकाणीं, उंची समान ठेवावी.

समुद्रकांठच्या आमच्या शेतकऱ्यांस एक गोष्ट विशेषें सांगावयाची. खाऱ्या वाऱ्यानें हबवर व रिमच्या पाठीवर गंजाचे पापुद्रे येतात. ते, तसेंच जाड रंगाचे थर, तारेच्या ब्रशानें खरवडून काढल्याशिवाय चाक चढवूं नये; पापुद्रा चेपला कीं नट सैल पडतात. चाक चढविल्यावर गाडी जॅकवर असतांनाच तें हातानें फिरवावें, सुकाणू दोन्ही टोंकांपर्यंत वळवून कोठें घासतें काय तें ऐकावें. नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावे, व ५० ते १०० किलोमीटर धांवल्यावर पुन्हां पाना लावावा. जुनें चाक विकत घेतांना त्याचे नटही विक्रेत्याकडून मागून घ्यावे. स्टेपनीची बैठक इतर चाकांहून निराळी असेल तर तिचे नट वेगळ्या पिशवींत घालून पान्याजवळच ठेवावे.