केडगावचं मुक्ती मिशन: घेणाऱ्यांनीच चालवलेला संसार

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंचक्रोशीत गावाची ओळख दोन ठिकाणांनी: नारायण महाराजांचं बेट आणि पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. मिशन म्हटलं की गोरे पाद्री, विलायती पैसा आणि रांगेत हात पसरून उभे असलेले गरीब, असं चित्र आपल्याकडे ठरून गेलं आहे. मुक्तीला परदेशातून देणग्या आल्या, परदेशी सेविकाही आल्या. पण संस्था उभी केली ती इथल्याच एका विधवेनं आणि तिचा रोजचा गाडा ओढला तो दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं हे विद्वान कुटुंब झाडपाला खाण्यापर्यंत आलं होतं. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम इथे समाजानं ओवाळून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. अशा बाईला कोणी माणसात परत आणतं, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं.

१८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच त्या तिकडे धावल्या. सुमारे तीनशे मुली आणायचं त्यांनी ठरवलं. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे इतक्यांना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली होती, तिथेच राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ साली पक्क्या इमारती झाल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही मुली आणल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

ज्यांची हाडं मोजून घ्यावीत, अंगावर खरूज, डोक्यात उवा आणि मनात धास्ती, अशा या मुली. इतक्या जणींना पगारी माणसं लावून सांभाळणं शक्यच नव्हतं. शारदा सदनात शिकलेल्या मुली इथे शिक्षिका आणि मेट्रन झाल्या. आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांना न्हाऊमाखू घातलं, पाटी-पेन्सिल हातात दिली. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गुरं, शेती, स्वयंपाक, सगळी कामं मुलींनी वाटून घेतली. फुलहॅमला पाहिलेल्या कामासाठी ‘कृपा सदन’ निघालं. लेक मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि तिनं अंध मुलींचा वर्ग सुरू केला.

छापखाना तर मुद्दाम पाहावा असा. देवनागरीचे खिळे जुळवणं म्हणजे चेष्टा नव्हे. अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं मिळून शेकडो खण, त्यातला नेमका खिळा न चुकता उचलायचा आणि उलटा मजकूर सुलटा वाचायचा. काल-परवापर्यंत अक्षरओळख नसलेल्या मुली इथे जुळारी झाल्या. छपाई त्यांची, बांधणीही त्यांचीच. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून जड संस्कृत शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. मनोरमा १९२१ साली गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. मुक्तीच्या छापखान्यातून ते बायबल १९२४ साली बाहेर पडलं.

या सेवेवर आक्षेप होते, आणि ते पोकळ नव्हते. शारदा सदनात धर्माची सक्ती नाही, असा शब्द दिला होता. तरी १८९३च्या सुमारास काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्या आणि पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. मुक्ती मिशन तर उघडपणे ख्रिस्तीच होतं. उपाशी मुलीला आसरा देणाऱ्याचा धर्म ती पुढे स्वीकारते, तेव्हा त्यात तिची मर्जी किती आणि मिंधेपणा किती, हा प्रश्न आजही विचारावा असाच आहे.

पण त्याच शारदा सदनातली गोदूबाईंची गोष्टही लक्षात ठेवायला हवी. सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवांपैकी त्या एक. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. त्यांनी धर्म सोडला नाही. कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी मात्र त्यांनी पदर खोचून वर्गणी गोळा केली. मुक्तीत आजही निराधार बायका, मुलं आणि अंध स्त्रिया राहतात, शाळा आणि दवाखाना चालतो. त्या कामाचं मोल करताना केडगावच्या कुंपणाआतली माणसं मोजून भागणार नाही. रमाबाईंकडे आधार घेऊन दुसरीकडे कुणाला तरी आधार द्यायला गेलेल्या बायकाही त्यात धरायला हव्यात, मग त्या कोणत्या का देवाला हात जोडत असेनात.